अँब्युलन्समधून वर्गात : गोव्यात ईएमटी विद्यार्थ्यांना शिकवायचं असेल तर

सिलिंडरची चावी कुठे असते?

नव्या तुकडीला मी पहिल्या दिवशी हा एकच प्रश्न विचारते. समोर बसलेल्या पोरांना मास्कचे प्रकार पाठ असतात, नॉन-रिब्रीदर मास्कला मिनिटाला दहा ते पंधरा लिटर ऑक्सिजन लावायचा हेही एका सुरात सांगतात. चावी मात्र कुणी पाहिलेली नसते. ती बी-टाइप ऑक्सिजन सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधलेली असायला हवी. तिथे नसली तर पायलटच्या, म्हणजे अँब्युलन्स चालकाच्या, डॅशबोर्डमध्ये मिळते. तिथेही नसली तर आदल्या पाळीच्या ईएमटीच्या खिशात बसून वाळपईला त्याच्या घरी गेलेली असते, आणि इथे पेशंटचं सॅच्युरेशन ८२.

इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे अँब्युलन्समध्ये पेशंट सांभाळणारा ईएमटी, तयार करण्याचं काम साधारण असं असतं. वैद्यकाची पुस्तकं शिकवायला डॉक्टर आहेत, आणि ते आपल्यापेक्षा चांगलं शिकवतात. चावी शिकवायला मात्र गाडीतून आलेला माणूस लागतो. या कामात शिरू पाहणाऱ्यांसाठी, म्हणजे आत्ता ड्युटीवर असलेले ईएमटी, कॅज्युअल्टीत काम केलेल्या नर्सेस आणि नुकती पदवी हातात पडलेले यांच्यासाठी, मला माहीत आहे ते इथे मांडते.

एक गोष्ट आधीच कबूल करते. शिकवायला येणारे बरेचजण रात्रपाळीला कंटाळून येतात. मीही तशीच आले. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण रात्रपाळी सुटेल एवढ्याच आशेने येत असाल तर थोडं थांबा. चांगल्या शिक्षकाची रात्रपाळी पूर्ण सुटत नाही. का, ते पुढे येईल.

पहिली पायरी : आधी गाडीत बसा

गोव्यात १०८ सेवा २००८ पासून आहे. म्हणजे आज कोर्सला येणाऱ्या बऱ्याच मुलांना १०८ नसलेला गोवा आठवतही नाही. शिकवायच्या आधी किती वर्षं ड्युटी हवी, असं मला वरचेवर विचारतात. नियमाचं उत्तर कागदावर मिळेल. माझं उत्तर तीन वर्षं. पहिल्या वर्षी माणूस जीव मुठीत धरून काम करतो. दुसऱ्या वर्षी आपल्या चुका कळायला लागतात. दुसऱ्याचा हात कुठे अडखळतोय ते बघून सांगता येणं त्याच्याही पुढचं आहे, आणि शिक्षकाला तेच लागतं.

शिवाय गोव्याचं एक वर्ष पुरं पाहिल्याशिवाय इथल्या केसेस कळत नाहीत. ऑक्टोबरपासून किनारपट्टी जागी होते : बुडणारे, भाड्याच्या दुचाकीवरून पडणारे, दारू पिऊन बेशुद्ध सापडणारे. मार्च ते मे काजूचा हंगाम, सत्तरी आणि सांगेच्या बागांतून सर्पदंशाचे कॉल. जूनच्या पहिल्या पावसात रस्ते तेलकट होतात आणि गाड्या घसरतात, वाऱ्याने झाडं पडतात. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या मांडवीचं, सामान आणायला रानात गेलेला कुणीतरी झाडावरून पडतोच. हे सगळं दोनदा पाहिलेलं असलं की वर्गात उदाहरण शोधत बसावं लागत नाही.

ड्युटीवर असतानाच एक वही घाला. त्यात पेशंटचं नाव, गाव, घर काही लिहायचं नाही. आपण काय पाहिलं, काय केलं, कुठे अडलो, किती मिनिटं गेली, एवढंच. पीसीआर म्हणजे पेशंट केअर रेकॉर्ड हा सेवेचा कागद आहे, त्याचा फोटो काढून घरी न्यायचा नसतो. वही आपली. माझ्या वहीत एका पानावर इतकंच आहे : 'सक्शन चालू होईना. बॅटरी. पाळी घेताना बघितलं नव्हतं.' सक्शन म्हणजे घशातली ओकारी-लाळ ओढून घेणारं यंत्र. त्या एका ओळीवर मी आजवर पुष्कळ तास घेतले आहेत.

दुसरी पायरी : कागद

हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

आधी कायदा. २०२१ साली राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, अर्थात पॅरामेडिक, हे नाव आलं. त्याआधी 'पॅरामेडिकल' या एका टोपलीत लॅब टेक्निशियनपासून एक्स-रेवाल्यापर्यंत सगळे असायचे. कायद्यातले आकडे शिक्षकाने पाठ ठेवावेत. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण हवं; आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांचं. थोडक्यात, काही महिन्यांच्या कोर्सवर नोकरी मिळाली असेल, पुढची वीस वर्षं मात्र त्यावर निघणार नाहीत. शिकवण्यात करिअर करायचं असेल तर पदवीकडे वळा. शेजारच्या कर्नाटकात इमर्जन्सी अँड ट्रॉमा केअर टेक्नॉलॉजीची बीएस्सी आहे, आणि सीमेजवळच्या आपल्या पोरांना ते फार लांब नाही. नर्सिंगची पदवी असलेल्यांचा पाया तयारच असतो. त्यांनी गाडीतला अनुभव मिळवावा.

कौशल्य विकासाच्या बाजूला हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या यादीत ईएमटी-बेसिक आणि ईएमटी-अॅडव्हान्स्ड अशा दोन स्वतंत्र भूमिका आहेत. त्यांच्या केंद्रावर शिकवायचं तर 'ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स' पार करावं लागतं. तिथे विषयाचं ज्ञान वेगळं आणि शिकवण्याचं कसब वेगळं तपासलं जातं. प्रमाणपत्राला मुदत असते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा, केंद्रवाला आठवण करून देणार नाही.

तिसरा कागद अमेरिकन हार्ट असोसिएशनचा. बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) आणि एसीएलएस (प्रगत हृदय-जीवरक्षण) यांची प्रोव्हायडर कार्डं बहुतेकांकडे असतात. इन्स्ट्रक्टर होणं ही निराळी वाट आहे. लेखी परीक्षेत पास व्हायला ८४ टक्के लागतात, पण काठावर पास झालेल्याला कुणी इन्स्ट्रक्टर करत नाही. एखाद्या ट्रेनिंग सेंटरने तुम्हाला आपलं म्हणावं लागतं. सेंटरशिवाय इन्स्ट्रक्टर नसतो. मग ऑनलाइन भाग, मग वर्गातला इन्स्ट्रक्टर कोर्स, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत कुणीतरी मागे बसून तुमचं शिकवणं बघतो. कार्डाची मुदत दोन वर्षं, आणि त्या दोन वर्षांत किमान चार कोर्स शिकवलेले असावे लागतात. कार्ड मिळवलं आणि पाकिटात ठेवलं, असं चालत नाही.

यातला कुठला कागद आधी? माझा सल्ला बीएलएस इन्स्ट्रक्टरचा. खर्च आटोक्यात राहतो, आणि मुख्य म्हणजे आपल्याला शिकवायला आवडतं की नाही ते लगेच कळतं. आवडलं नाही तर नुकसान फार नाही.

तिसरी पायरी : काम कुठे मिळतं

गोवा लहान. बारा तालुके, एक मोठं मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं. त्यामुळे फक्त ईएमटींना शिकवायच्या पूर्णवेळ जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वाटा मात्र चार आहेत.

अँब्युलन्स सेवेचा स्वतःचा प्रशिक्षण विभाग ही सगळ्यात सरळ वाट. नव्या ईएमटीचं पायाभूत प्रशिक्षण आणि जुन्यांची उजळणी तिथेच होते. त्यासाठी आतून अर्ज करावा लागतो, म्हणून ड्युटीवर असतानाच 'उजळणीचा एक तास मी घेऊ का?' असं विचारत राहा. दुसरी वाट कौशल्य केंद्रं आणि कॉलेजं : तासिका तत्त्वावर, कंत्राटावर. पैसे उशिरा येतात हे गृहीत धरा. एका संस्थेने माझं तीन महिन्यांचं मानधन 'फाइल वर गेली आहे' म्हणून थोपवून धरलं होतं. फाइल कुठे वर गेली ते अजून कळलेलं नाही. तेव्हापासून तासांची नोंद मी वेगळ्या वहीत, सहीसकट ठेवते. तिसरी वाट इस्पितळातल्या स्किल लॅबची. तिथे नर्सेस आणि इंटर्न यांनाही शिकवायला मिळतं, आणि आपलं तोकडेपण पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं. ते चांगलंच.

चौथी वाट फारसं कुणी सांगत नाही, पण पुष्कळ शिक्षकांचं घर तीवर चालतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी लागायची, आणि ती प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असावी लागायची. ५०० च्या वर कामगार असले तर अँब्युलन्स रूम. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण प्रथमोपचाराची सोय तिथेही लागतेच. आता वेर्णा, कुंडई, बेतोडा या वसाहतींतून एक चक्कर मारा आणि हिशेब करा. हॉटेलं, जलक्रीडावाले, शाळा यांचीही मागणी असते. हे ईएमटी शिकवणं नव्हे, पण तीस वेल्डर्सना दुपारच्या जेवणानंतर जागं ठेवून सीपीआर शिकवलात तर कुठलाही वर्ग तुम्हाला जड जाणार नाही.

चौथी पायरी : पहिला तास

पहिला तास घेण्याआधी दहा तास मागच्या बाकावर बसा. शिकवणाऱ्याकडे बघू नका, शिकणाऱ्यांकडे बघा. ते केव्हा मोबाइलकडे वळतात, 'हो मॅडम' म्हणताना डोळे कुठे असतात, ते टिपा.

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे जास्त बोलणं. माझी पहिली स्लाइड-मालिका ऐंशी स्लाइडची होती, विषय श्वसनमार्ग. शेवटी एकाला अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात दिली, तर त्याने ती उलटी धरली.

एखादी कृती शिकवायची असेल तर सर्जन रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या चार टप्प्यांसारखं सोपं दुसरं काही मला सापडलेलं नाही. आधी मी कृती करून दाखवते, खऱ्या वेगाने, तोंडातून शब्द न काढता. मग तीच कृती सावकाश, प्रत्येक पायरी बोलून. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगतो आणि मी त्याच्या सांगण्यावरून करते. चौथ्या वेळी तो स्वतः सांगत करतो. सगळी गंमत तिसऱ्या टप्प्यात आहे. बरेच शिक्षक नेमका तोच गाळतात, कारण त्यात वेळ जातो आणि आपण विद्यार्थ्याच्या हुकमाखाली काम करतोय असं वाटतं. पण त्याच्या डोक्यात काय गळलंय ते इथेच दिसतं. अँबू बॅगचंच घ्या. 'मास्क लावा, बॅग दाबा,' असं तो म्हणतो. मी मास्क नाकावरच लावते आणि बॅग दाबते. हवा बाजूने फुस्स. वर्ग हसतो. मग त्याला आठवतं की हनुवटी उचलायची राहिली, मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायची सी-ई पकड राहिली, ऑक्सिजनची नळीही जोडलेली नाही. तो हे विसरत नाही.

याच कृतीतली दुसरी चूक जास्त वाईट आहे : फार जोरात आणि फार भराभर दाबणं. मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास पुरतो, आणि छाती उचललेली दिसली की बस. घाबरलेला हात दोन सेकंदांना एकदा दाबतो. हवा पोटात जाते, पेशंट ओकतो. घड्याळ लावून बघेपर्यंत विद्यार्थ्याला हे पटत नाही, म्हणून घड्याळ लावाच.

एका मॅनिकिनमागे, म्हणजे सरावाच्या पुतळ्यामागे, तीनापेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. सहा असले की दोघं करतात, दोघं बघतात, दोघं गप्पा मारतात. संस्था म्हणेल एकच मॅनिकिन आहे. तर तुकडीचे गट पाडा आणि बाकीच्यांना दुसरं काम लावा : स्पाइन बोर्डचे पट्टे बांधणं, सक्शन चालवणं, पीसीआर भरणं. रिकामा विद्यार्थी ठेवू नका.

मॅनिकिनवरून एक आठवण काढतेच. ज्या 'अ‍ॅन'वर जगभर सीपीआर शिकवतात, तिचा चेहरा पॅरिसमध्ये सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला आहे, असं म्हणतात. नॉर्वेचे खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये ती बाजारात आणली. हे मी प्रत्येक तुकडीला सांगते, कारण त्यानंतर पोरं मॅनिकिनला लाथेने सरकवत नाहीत.

गणितही शिकवा, आणि ते इथल्या रस्त्यांवर बसवून शिकवा. बी-टाइप सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर दहा लिटर मावतं. गेज १५० वर असेल तर आत अंदाजे १५०० लिटर ऑक्सिजन. पंधरा लिटरने सोडला तर शंभर मिनिटं. आता गेज ५० वर आहे, पेशंट काणकोणचा आहे आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळीला. पाचशे भागिले पंधरा, तेहेतीस मिनिटं. रस्ता तासाच्या वरचा, मधे करमलचा घाट. काय करणार? या प्रश्नाला एक बरोबर उत्तर नसतं. कुणी मडगावला थांबायचं म्हणतं, कुणी निघण्याआधीच सिलिंडर बदलायचं, कुणी सॅच्युरेशन बघून प्रवाह कमी करायचा. वाद घालू द्या. पुढच्या पाळीला तो विद्यार्थी गाडीत चढताच गेज बघतो की नाही, तेवढं पुरे.

पाचवी पायरी : प्रसंग इथले लिहा

बाजारात मिळणाऱ्या प्रसंग-पुस्तकात बर्फावरून घसरलेला माणूस असतो. आमच्या पोरांना बर्फ फ्रीजमधला माहीत. प्रसंग स्वतः लिहायला शिका. हे आपल्या पेशातलं खरं लेखन.

बुडालेल्याचा प्रसंग लिहिताना एक गोष्ट ठसवा : इथे हृदय थांबलंय ते श्वास कोंडल्यामुळे, म्हणून श्वास देण्याला प्राधान्य. नुसता छाती दाबत बसलेला विद्यार्थी नापास. ओल्या छातीवर एईडीचे, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे, पॅड चिकटत नाहीत, पुसून घ्यावी लागते. आणि पेशंट ओकणारच, तेव्हा सक्शन कुठे आहे? जीवरक्षकाकडून पेशंट ताब्यात घेताना कुठले चार प्रश्न विचारायचे, तेही प्रसंगातच घाला.

सर्पदंशाचा प्रसंग वाळपईच्या बाजूचा करा. नातेवाईकांनी पाय सुतळीने आवळलेला आहे, एकजण प्लास्टिकच्या डब्यात साप घेऊन आला आहे, तोही अर्धमेला. विद्यार्थ्याने काय करावं? पेशंटला धीर देणं, पाय न हलवता आधार देणं, पैंजण-अंगठ्या काढणं, सुजेची कड पेनाने आखून वेळ लिहिणं, आणि लवकरात लवकर इस्पितळ. बांधलेली सुतळी घाईने सोडायची नाही. डबा गाडीत घ्यायचा नाही, लांबून फोटो पुरे. वर्गाला हेही सांगा की आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. पश्चिम घाटातल्या चापडा जातीच्या सापांच्या विषावर ती उपयोगी नाही. म्हणून दिसलेलं नीट सांगणं, म्हणजे हँडओव्हर, याचं मोल.

छातीत दुखण्याचा प्रसंग हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या 'स्टेमी गोवा' योजनेच्या साखळीवर बसवा : गावाजवळच्या केंद्रात ईसीजी, तज्ज्ञांचा सल्ला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग गोमेकॉ. थेट बांबोळी गाठायची घाई इथे कधीकधी उलटी पडते, आणि ते विद्यार्थ्याला स्वतः घड्याळ लावून कळू दे.

आणि जिने. जुन्या घरांचे अरुंद लाकडी जिने, डोंगरउतारावरच्या वाड्यांतल्या पायवाटा, जिथे स्ट्रेचर आत शिरतच नाही. माझ्या वर्गातलं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे प्लास्टिकची खुर्ची. पेशंट खुर्चीवर बसवून दोघांनी तीन मजले उतरवायचा. करून बघा, पाठ कशी वाकवायची नाही ते आपोआप कळतं.

भाषेसाठी वेगळा तास ठेवा. वर्गात पेडणे-डिचोलीची मराठी शाळेतून आलेली मुलं असतात, सासष्टीची इंग्रजी माध्यमाची असतात, सिंधुदुर्ग आणि बेळगावचीही असतात. पेशंट त्याहून रंगीबेरंगी. 'हड्ड्यांत दुखता' म्हणजे छातीत दुखतंय, 'घुंवळ येता' म्हणजे चक्कर, 'उस्वास घेवंक जायना' म्हणजे श्वास घेता येत नाही. हे सिंधुदुर्ग-बेळगावच्या मुलाला माहीत नसलं तर पहिली पाच मिनिटं फुकट जातात. मी वर्गात कोंकणी पोरांना पेशंट करते आणि बेळगावच्यांना ईएमटी, दुसऱ्या दिवशी उलट. एका आजीने पायलट म्हटल्यावर मोटारसायकलवाला समजून 'म्हाका मोटारसायकलेर नाका' असा हट्ट धरला होता. गोव्यात पायलट म्हणजे भाड्याने नेणारा मोटारसायकलस्वार आणि आमच्या सेवेत पायलट म्हणजे अँब्युलन्सचा चालक. अशा गोष्टी बाहेरच्या पुस्तकात मिळत नाहीत.

सहावी पायरी : परीक्षा, आणि नापास करणं

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी ऑस्की पद्धत शिका. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ती १९७५ मध्ये मांडली : ठरावीक मिनिटांची स्टेशनं, प्रत्येकावर एक काम, प्रत्येकाला तीच यादी, त्याच यादीवर खुणा. यामुळे 'हा माझा लाडका, तो बोलबच्चन' हा भेद कमी होतो. यादी बनवताना मात्र एक चूक होते. सगळ्या मुद्द्यांना सारखे गुण. ग्लोव्हज घातले एक गुण, श्वासमार्ग मोकळा केला एक गुण. मग एखादा विद्यार्थी पेशंटला गुदमरवून ऐंशी टक्के मिळवतो. काही मुद्दे असे ठेवा की ते चुकले तर स्टेशनच गेलं.

नापास करण्याची वेळ येईल. मला एका ठिकाणी सांगण्यात आलं होतं की तुकडीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, पुढचं अनुदान त्यावर आहे. मी दोन नावं अडवली. पुढच्या सत्रात मला तास मिळाले नाहीत. त्या दोघांपैकी एकजण पुन्हा बसला, पास झाला आणि आज चांगलं काम करतो. दुसऱ्याने पेशा सोडला. हे तुमच्याही वाट्याला येईल, तेव्हा उत्पन्नाचा सगळा भार एकाच संस्थेवर टाकू नका. तत्त्वं पाळायला पाठीशी थोडी शिल्लक लागते.

आणखी एक. विद्यार्थ्याला नापास करण्याआधी त्याला तीन वेळा लेखी अभिप्राय दिलेला असावा. 'सुधारणा हवी' असं लिहू नका. 'छाती पाच सेंटिमीटर दाबली जात नाही, तिसऱ्या मिनिटाला वेग ऐंशीवर येतो' असं लिहा. हवा असतो शंभर ते एकशेवीस. असं लिहिलं की तो वाद घालत नाही, सराव करतो.

सातवी पायरी : गाडीतला विद्यार्थी

प्रशिक्षणार्थीला सोबत घेऊन ड्युटी करणं हे वर्गापेक्षा अवघड. सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा : तो काय करू शकतो, काय फक्त बघायचं, आणि कुठला शब्द म्हटला की त्याने हात मागे घ्यायचे. आमचा शब्द 'थांब' नव्हता, कारण तो नातेवाईकांनाही ऐकू जातो. मी म्हणायचे, 'बॅग दे.' त्याला कळायचं.

पेशंटला सांगा की हा शिकतोय. पेशंट नको म्हणाला तर नको. विद्यार्थ्याने मोबाइल खिशातून काढायचा नाही, एवढा एक नियम मोडला तर मी त्याला पुढच्या कॉलला खाली उतरवते.

केस झाल्यावर गाडी धुताना बोला. वर्गातला अभिप्राय आणि हा वेगळा. आधी त्याला विचारा, 'काय दिसलं?' बऱ्याचदा तो पेशंटबद्दल बोलतच नाही. पेशंटच्या मुलीच्या चपलेबद्दल बोलतो, जी रस्त्यात राहिली. मग थांबायचं आणि ऐकायचं. पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलाला त्या रात्री एकटं घरी पाठवू नका. त्याच्या घरी फोन करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. झोप, जेवण, चिडचिड यांवर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा, आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवा. 'आमच्या वेळी असं काही नव्हतं' हे वाक्य गिळून टाका.

अपघाताच्या ठिकाणी मदत करणाऱ्या लोकांशी कसं बोलावं तेही इथेच शिकवायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्या भल्या माणसाला संरक्षण देतं. रस्त्यावर पोलिसांच्या भीतीने मागे सरणाऱ्याला विद्यार्थ्याने हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तोच माणूस स्ट्रेचरचा चौथा हात असतो.

आठवी पायरी : जुनं सोडणं

सगळ्यात जड. आपण जे शिकलो ते बदलतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षं फक्त पोटावर दाब द्यायला शिकवत होतो. आता पाच वेळा पाठीवर थाप, मग पाच वेळा पोटावर दाब, असं आलटून पालटून. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांच्या टोकांनी दाबायची पद्धतही गेली. मी दोन बोटांनी किती बॅचेसना शिकवलं ते मोजायला गेले नाही.

म्हणून नोट्सच्या प्रत्येक पानावर खाली तारीख टाका, आणि दोन वर्षांहून जुनं पान वर्गात नेण्याआधी तपासा. आणि म्हणूनच महिन्यातून निदान दोन पाळ्या गाडीत करा. सेवेशी तसं ठरवून घ्या, स्वयंसेवक म्हणून करा, कसंही. साहित्य बदलतं, ग्लुकोमीटरची पट्टी बदलते, नवा पूल सुरू होतो आणि मार्ग बदलतो. झुआरीच्या नव्या पुलाआधी आम्ही जो वेळ गृहीत धरून शिकवायचो तो आता चालत नाही. हे वर्गात बसून कळत नाही.

अर्ज करायला जाल तेव्हा

प्रात्यक्षिक तास मागतात, पंधरा मिनिटांचा. उमेदवार हृदयाच्या विद्युत वहनावर बोलतात आणि आठव्या मिनिटाला अडकतात. तुम्ही एक कृती घ्या, एकच : नाकातून घालायच्या नळीचं माप, किंवा मानेचा पट्टा, किंवा रक्तस्राव दाबणं. साहित्य स्वतःचं न्या, त्यांच्याकडे असेल असं समजू नका. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाला पेशंट करा, दुसऱ्याला विद्यार्थी. वेळ संपण्याच्या दोन मिनिटं आधी थांबा, आणि विद्यार्थी झालेल्या साहेबाला ती कृती स्वतः करायला सांगा. त्यांना जमली नाही तर हसू नका, हात धरून पुन्हा करून घ्या.

बहुतेक ठिकाणी पगाराचं बोलणं याच्या नंतर येतं. तासाचा दर, प्रवासखर्च आणि मॅनिकिन तुटलं तर कुणी भरायचं, हे तिन्ही त्याच दिवशी लेखी घ्या.